पेडण्याच्या अंजनीबाई मालपेकर

श्रोतेहो, गोमंतकाच्या गायिकांची नावे एकापाठोपाठ एक उच्चारून पाहावीत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर. ह्या नावांमध्ये एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांत वडिलांचे नाव नाही आणि पतीचेही नाही. आहे ते केवळ गावाचे नाव. केरीच्या म्हणून केरकर (ही केरी फोंडे महालातली, तेरेखोलच्या मुखाशी पेडण्यातही एक केरी आहे, तिचा येथे संबंध नाही). कुर्डीच्या म्हणून कुर्डीकर. मालपे गावच्या म्हणून मालपेकर. ज्या समाजात ह्या स्त्रिया जन्मल्या त्या कलावंतांच्या समाजात घर आईचे असे, वंश आईकडून मोजला जाई, आणि बापाचे नाव लावण्याची सोय बहुधा नसे. तेव्हा नावापुढे गावच उभे राहिले. ज्या गावाने त्यांना प्रतिष्ठेच्या पंगतीत कधी बसविले नाही, त्याच गावाचे नाव त्यांनी मुंबईच्या, कलकत्त्याच्या आणि संस्थानिकांच्या बैठकींत नेले. कुर्डी गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. ऐन उन्हाळ्यात जलाशय आटला म्हणजे त्याची जोती काही आठवडे उघडी पडतात. गाव बुडाले, परंतु कुर्डीकर हे नाव कानांत राहिले.

मालपे मात्र आपल्या जागी आहे. पेडणे शहराच्या शेजारचे, डोंगरउतारावरचे हे गाव. अलीकडे त्याचे नाव वर्तमानपत्रांतून येते ते महामार्गावर कोसळणाऱ्या दरडींमुळे आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यामुळे. जुलै 2024 मध्ये ह्या बोगद्यात पाणी शिरले आणि रेल्वेची वाहतूक खोळंबली, तेव्हा मालपे हे नाव पुष्कळांनी प्रथमच ऐकले असेल. त्या गावात 22 एप्रिल 1883 रोजी जन्मलेल्या एका मुलीविषयी आज बोलावयाचे आहे.

परंतु त्याआधी पेडणे आणि डिचोली ह्या उत्तरेकडच्या महालांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. ह्या मुलीची कथा फोंड्यात किंवा साष्टीत घडली असती तर थोडी निराळी झाली असती. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकात घेतले. तेथली देवळे मोडली आणि देव नदीपार गेले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल त्या वेळी त्यांच्या हाती नव्हते. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतील नार्वे येथे आला, आणि 1668 साली शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ नव्याने बांधविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिला आणि तेथून तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शेवटी 1788 साली पेडणे मिळून, पोर्तुगीजांकडे गेला. ह्यांनाच नव्या काबिजादी म्हणतात. तोपर्यंत सक्तीच्या धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता. त्यामुळे येथील देवळे, त्यांची इनामे, त्यांचे उत्सव आणि त्या उत्सवांत गाणारा-वाजविणारा वर्ग हे सारे जसेच्या तसे टिकून राहिले. जत्रा सावंतवाडीच्या पद्धतीची, बोली कोंकणी, पोथी आणि कीर्तन मराठी, आणि फर्मान लिस्बनचे, असा हा प्रदेश.

देवळाच्या चौकात पालखीपुढे गावे आणि नाचावे, सणासुदीला, लग्नकार्याला सरदेसाई-इनामदारांच्या वाड्यावर बैठक करावी, हा कलावंतिणींचा वंशपरंपरेचा व्यवसाय. गाणे आणि नाच ही त्या काळी दोन शास्त्रे नव्हती. एकाच शिक्षणाची ती दोन अंगे होती. पायांत चाळ बांधून उभ्याने गाणारी, पदाचा अर्थ हातांनी आणि डोळ्यांनी सांगणारी, तबलजी-सारंगिये मागे उभे करून श्रोत्यांच्या पुढ्यात सरकत येणारी, अशी ती कलावंतीण. तिच्या कलेची वाहवा रात्री होई आणि तिच्या जन्माचा उद्धार सकाळी होई. मुलगी वयात आली म्हणजे तिचा 'शेंस' विधी लावून तिला देवाच्या नावाने वाहून टाकीत. मग तिला संसार नाही, वैधव्यही नाही. ह्या समाजातील राजाराम पैंगीणकर ह्यांनी 'मी कोण?' ह्या नावाचे आत्मचरित्र लिहिले. त्या नावातच साऱ्या समाजाचा प्रश्न आला आहे.

ह्या चक्रातून बाहेर पडण्याची एक वाट मुंबईची होती. पेडण्याहून वेंगुर्ले बंदर जवळ. तेथून आगबोट थेट मुंबईस जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईत कापसाचा आणि गिरण्यांचा पैसा खेळत होता. भाटिये, गुजराती, पारशी आणि मराठी धनिक गाण्याच्या बैठकी करीत. त्याच वेळी उत्तरेतील राजदरबार ओसरू लागले होते आणि तिकडचे उस्ताद पोटापाण्यासाठी ह्याच शहरात येत होते. उत्तरेची विद्या आणि गोव्याचा गळा ह्यांची गाठ मुंबईत पडली. गेल्या दीडशे वर्षांतील आपल्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाराने ही गाठ विसरता कामा नये. खाँसाहेबांची नावे आपण आदराने घेतो, परंतु त्यांपैकी कित्येकांच्या चुली ज्या शिष्यांच्या बिदागीवर पेटल्या त्या शिष्या बहुशः गोमंतकीय स्त्रिया होत्या, हे आपण फारसे बोलत नाही.

अंजनीबाईंच्या आजी गुजाबाई आणि आई नबूबाई दोघीही गाण्यातल्या जाणत्या. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिला भेंडीबाजारच्या उस्ताद नजीर खाँ ह्यांच्या हाती देण्यात आले. हे 1891 च्या सुमारास. हे खाँसाहेब मुरादाबादेकडील बिजनोरचे. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे बंधू 1870 च्या सुमारास मुंबईस आले आणि भेंडीबाजार भागात राहू लागले. लोक त्यांना 'भेंडीबाजारवाले' म्हणू लागले आणि तेच नाव घराण्याला चिकटले. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर ही घराण्यांची नावे राजधान्यांवरून वा जुन्या कसब्यांवरून पडली. मुंबईच्या एका गजबजलेल्या बाजारावरून नाव पडलेले हे घराणे त्यांत वेगळे दिसते.

ह्या घराण्याची विद्या कोणती, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची कथा समजावयाची नाही. पहिली गोष्ट आकाराची. बोलांची फेक किंवा लयीची झटापट ह्यांपेक्षा मोकळ्या, खुल्या आकाराने स्वर लांबवीत नेणे आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने, दुवा दिसू न देता जाणे, हे ह्या गायकीचे अंग. दुसरी गोष्ट श्वासाची. एका दमात किती लांब पल्ला गाता येतो ह्यासाठी हे तिघे बंधू प्रसिद्ध झाले. तिसरी गोष्ट मेरुखंडाची. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त तेराव्या शतकात खंडमेरू म्हणून जो स्वरप्रस्तार सांगितला आहे, तोच हा. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले तर त्यांची मांडणी सहा प्रकारांनी होते: सारेग, सागरे, रेसाग, रेगसा, गसारे, गरेसा. चार स्वर घेतले की चोवीस प्रकार होतात. सातही घेतले की 5040. हे सारे प्रस्तार विद्यार्थ्याने घोकावयाचे, गळ्यात मुरवावयाचे, आणि मग रागाच्या नियमांत बसतील तेवढेच गाताना अचूक उचलावयाचे. हे काम वरवर पाहता हिशेबाचे आहे; परंतु ज्याने ते केले त्याला आलापीमध्ये शब्द सुचावे तसे स्वर सुचतात. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ ह्यांच्या विलंबित आलापीत हीच मेरुखंडाची विद्या दिसते. त्यांचे वडील शाहमीर खाँ ह्यांनी ती भेंडीबाजारच्याच बुजुर्गांकडून मिळविली होती.

आठ वर्षांच्या मुलीने ही तालीम सुरू केली आणि सोळाव्या वर्षी, 1899 साली, मुंबईत पहिली जाहीर बैठक केली. मध्ये आठ वर्षे गेली. आपण ह्या काळाविषयी 'कलावंतिणीचे नाचगाणे' एवढा शब्द वापरून पुढे जातो तेव्हा ही आठ वर्षे आपल्या हिशेबात येत नाहीत. पालखीपुढे उभ्याने गाणाऱ्या घराण्यातील मुलगी आता तंबोऱ्यांच्या मध्ये बसून ख्याल गाणार होती. हा बदल केवळ आसनाचा नव्हता. उभी राहून गाणाऱ्या स्त्रीकडे श्रोते आधी पाहत आणि मग ऐकत. बसून, डोळे मिटून, दीड-दीड तास एक राग मांडणाऱ्या स्त्रीला ऐकावेच लागते. निदान अशी अपेक्षा तरी करता येते. पुढे केसरबाईंनी आणि मोगूबाईंनी जे आसन निर्विवादपणे मिळविले, त्याच्या अगदी आरंभीच्या पायऱ्यांवर अंजनीबाई आहेत.

काळही कठीण होता. नाचाच्या बैठकींविरुद्ध सुधारकांची चळवळ ह्याच दशकात उभी राहिली होती. लग्नसमारंभांत नाच ठेवू नये, अशा शपथा घेतल्या जात होत्या. त्या चळवळीचा हेतू चांगला होता हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की तिने बैठकीला येणाऱ्या शेटजींपेक्षा बैठकीत गाणाऱ्या बाईलाच अधिक दोष दिला.

आता चित्रांच्या गोष्टीकडे वळू, कारण अंजनीबाई हे नाव आज ज्यांना ठाऊक असते त्यांना ते बहुधा ह्या गोष्टीमुळे ठाऊक असते. बाई विलक्षण सुंदर होत्या. राजा रविवर्मा ह्यांनी 1894 साली मुंबईस शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविला. तेथून निघालेली देवदेवतांची आणि नायिकांची रंगीत चित्रे घराघरांत भिंतीवर लागली. ह्या चित्रांसाठी रविवर्म्यांसमोर ज्या स्त्रिया बसल्या त्यांत गोमंतकीय गायिका होत्या, असे परंपरेने सांगतात. त्यांत राजीबाई मुळगावकर हे नाव वारंवार येते. मुळगाव हे डिचोली महालातील गाव आहे. येथेही नाव गावाचेच, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. आणि 1901 ते 1903 ह्या वर्षांत अंजनीबाई रविवर्म्यांसमोर बसल्या, 'मोहिनी', 'चांदण्यातील स्त्री', 'स्वरबत वाजविणारी स्त्री' अशी चित्रे त्यांच्यावरून झाली, असे लिहिलेले आढळते.

येथे थोडे थांबले पाहिजे. चित्रसूचींमध्ये ह्या चित्रांसमोर दिलेली साले पाहिली तर 'स्वरबत वाजविणारी स्त्री' 1874 चे आणि 'चांदण्यातील स्त्री' 1889 चे म्हणून नोंदलेले आहे. पहिल्या सालानंतर नऊ वर्षांनी अंजनीबाई जन्मल्या, आणि दुसऱ्या साली त्या सहा वर्षांच्या होत्या. एक तर सूचींतील साले चुकलेली असली पाहिजेत, नाहीतर एकाच विषयावरची दोन चित्रे असली पाहिजेत, नाहीतर, आणि हेच अधिक संभवते, प्रसिद्ध सुंदरी आणि प्रसिद्ध चित्रकार ह्यांची नावे एकदा जोडली गेल्यावर लोकांनी हाताशी येईल ते चित्र त्या जोडीच्या पदरात टाकले असले पाहिजे. बाई रविवर्म्यांसमोर बसल्याच नाहीत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दंतकथेने त्यांना जे चेहरे बहाल केले त्यांतील काही त्यांचे असणे शक्य नाही. इतिहासाचा हा एक विचित्र न्याय आहे. जे त्यांचे नव्हते ते त्यांच्या नावावर आवर्जून चढविले गेले, आणि जे निःसंशय त्यांचे होते ते गाणे अर्ध्या ओळीत आटोपले गेले.

सौंदर्याने बाईंना कीर्ती दिली तसा उपद्रवही दिला. बैठकींना येणारे सारेच श्रोते गाण्यासाठी येत नसत. धनवानांच्या अभद्र वागणुकीचे प्रसंग त्यांच्या वाट्याला तरुणपणीच आले. ज्या स्त्रीच्या पाठीशी बापाचे किंवा नवऱ्याचे नाव नाही तिने दाद कोणाकडे मागावी? जो बैठक देतो तोच अपमान करतो, आणि त्याच्याशी वाकडे आले तर पुढली बैठक बंद. ह्या धंद्यातील प्रत्येक स्त्रीला हा हिशेब रोज करावा लागे.

आणि 1904 साली बाईंचा आवाज गेला.

त्या वेळी त्यांचे वय एकवीस. तेरा वर्षांची विद्या, पाच वर्षांचे नाव, आणि गळ्यातून सूर निघेना. गायकाचा आवाज जाणे म्हणजे काय, हे ज्याने ते भोगले त्यालाच कळावे. वादकाचे वाद्य फुटले तर दुसरे आणता येते; हे वाद्य दुकानात मिळत नाही. कलावंतिणीच्या बाबतीत तर हा घाला दुहेरी. गाता न येणाऱ्या कलावंतिणीला समाजाने एकच दुसरा व्यवसाय शिल्लक ठेवलेला होता, आणि तो कोणता हे सांगण्याची आवश्यकता नाही. आवाज का गेला, ह्याविषयी सांगोवांगीच्या कथा पुष्कळ आहेत. असूया, विषप्रयोग, दृष्ट, असे सारे मासले त्यांत सापडतात. त्या कथांमागे जाण्यात अर्थ नाही. एवढे खरे की आवाज परत आला, बाई पुन्हा गाऊ लागल्या आणि पुढे जवळजवळ दोन दशके गात राहिल्या.

परत आलेला आवाज आणि प्रथमचा आवाज एकच असतो काय? मला वाटते, नसतो. ज्याने आवाज एकदा गमावला आहे तो स्वर लावताना त्याला गृहीत धरीत नाही. श्वास कोठे घ्यावा, घशावर भार किती पडतो, खर्ज किती वेळ घोटावा, ह्या गोष्टी साध्या गायकाला सवयीने येतात. गमावून मिळविणाराला त्या एकेक करून समजून घ्याव्या लागतात. आणि जे समजून घेतले जाते तेच दुसऱ्याला शिकविता येते. अंजनीबाई उत्तम गुरू झाल्या, त्याचे एक कारण ह्या मूक काळात शोधले तर फारसे चुकणार नाही.

ह्याच साली, 1904 मध्ये, जुलै महिन्यात, दक्षिणेकडे सांगे महालात कुर्डी येथे मोगूबाई जन्मल्या. केसरबाई त्या वेळी बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आरंभीच्या शिक्षणात पुन्हा डिचोली भेटते. रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावी येत, आणि त्यांच्या त्या मुक्कामांत केसरबाई त्यांच्याकडे शिकत. पुढे त्या सोळाव्या वर्षी मुंबईस गेल्या आणि 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. अंजनीबाईंची आणि ह्या दोघींची पिढी वेगळी धरावी लागते. केसरबाई आणि मोगूबाई ज्या वेळी आपापल्या गायकीच्या ऐन भरात आल्या त्या वेळी ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि तिकिटे लावून होणारे जलसे आलेले होते. केसरबाईंच्या भैरवीची मुद्रिका 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. अंजनीबाईंची कीर्ती मात्र तबकड्यांच्या आधी तयार झालेली, आणि ती ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले त्यांच्या बोलण्यावर आणि ज्यांना त्यांनी शिकविले त्यांच्या गाण्यावर उभी आहे.

गुरू नजीर खाँ वारल्यानंतर, 1923 साली, बाईंनी जाहीर बैठकी सोडल्या. वय अवघे चाळीस. गायकाच्या आयुष्यात चाळिशी म्हणजे पिकलेपणाची सुरुवात. त्या वयात उठून जाणे हे सोपे नाही. ह्या निर्णयाची कारणमीमांसा ज्याने त्याने आपल्या परीने करावी. मला त्यात वैराग्यापेक्षा मोकळीक अधिक दिसते. ज्या बैठकीत बाईकडे पाहावयास येणारे अर्धे असतात तेथे पुन्हा जावयाचे नाही, ही ती मोकळीक. गाणे त्यांनी सोडले नाही. पुढली पन्नास वर्षे त्यांच्या घरी तालीम चालू होती.

त्या घरी कोण आले, हे पाहण्यासारखे आहे. शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, आले. देवधर मास्तरांच्या शाळेत वाढलेला हा बुद्धिमान मुलगा अनेक घराण्यांचे ऐकून ते हुबेहूब गाऊन दाखवी. त्याने अंजनीबाईंकडेही शिकावे, हे देवधरांच्या उदार दृष्टीला साजेसेच होते. चाळीसच्या दशकात मोगूबाईंची कन्या किशोरी आली. श्रोतेहो, ह्या गोष्टीचे महत्त्व आपण नीट ओळखले पाहिजे. मोगूबाई जयपूर-अत्रौली घराण्याच्या. घराण्याचा अभिमान त्या काळी असा कडवा, की दुसऱ्या घराण्याचे गाणे कानावर पडले तरी दोष मानीत. त्यांनी आपली मुलगी भेंडीबाजारच्या गायिकेच्या हाती दिली. जयपूरची गायकी लयीच्या वळणांनी आणि गुंफलेल्या तानांनी चालते. भेंडीबाजारची मींडेने आणि आकाराने. किशोरी आमोणकर ह्यांच्या गाण्यात पुढे स्वर एकमेकांत विरघळत जाण्याची जी रीत आली आणि जिच्यामुळे जुने जयपूरवाले कपाळाला आठ्या घालू लागले, तिचा उगम केवळ त्यांच्या प्रतिभेत शोधतात. प्रतिभा होतीच. परंतु मींड कोणी घोटून घेतली हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि विचारला म्हणजे मालपेकर हे नाव पुढे येते.

आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आमोणे हे गाव डिचोली महालातलेच. आमोणकर हे नाव किशोरीताईंना विवाहाने मिळाले, आईला कुर्डीकर मिळाले तसे नव्हे. एकाच पिढीच्या अंतराने गावाचे नाव आईच्या बाजूने न येता सासरच्या बाजूने आले. मधल्या काळात किती बदल झाला, हे मोजण्याचे हे एक माप आहे. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा 1934 साली झाला. कलावंत समाजातील मंडळींनी स्वतः संघटना उभारून, शेंस बंद करून, मुलींची लग्ने लावून आणि मुलांना शाळेत घालून जे काम केले ते त्याहून मोठे. गोमंतक मराठा समाज हे नाव त्या कामातून आले.

भेंडीबाजार घराण्याची दुसरी धारा छज्जू खाँ ह्यांचे पुत्र अमानअली खाँ ह्यांच्याकडून गेली. ते 1953 साली वारले. त्यांच्याकडे काही काळ शिकलेली एक मुलगी मंगेशीच्या दीनानाथांची, लता मंगेशकर. दीनानाथांनी मंगेशी गावावरून आपले आडनाव घेतले, हे आपण जाणतोच. लताबाईंच्या गाण्यातील दमसासाबद्दल आणि स्वरांवरून स्वरांवर जाण्याच्या नितळपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भेंडीबाजारचा वाटा किती हे काढणे अवघड आहे, आणि तो फुगवून सांगण्यात स्वारस्यही नाही. पण मुंबईच्या एका बाजारातल्या तीन भावांची विद्या गोमंतकीय घरांतून किती दूरवर झिरपली हे त्यावरून दिसते.

आता ज्या योगायोगाकडे मी मघापासून येत आहे तो सांगतो. कुमार गंधर्वांना 1947-48 च्या सुमारास क्षयाने गाठले. त्यांनी देवासला बिछाना धरला आणि सुमारे सहा वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. ते उठले तेव्हा एका फुप्फुसावर गाऊ लागले आणि छोट्या, तुटक, उसळत्या स्वरवाक्यांची एक नवी गायकी घेऊन आले. किशोरी आमोणकरांचा आवाज पन्नासच्या दशकाच्या अखेरीस गेला आणि सुमारे दोन वर्षे त्या गाऊ शकल्या नाहीत. त्या काळात त्यांनी मनातल्या मनात गाणे केले, आणि परतल्या तेव्हा घराण्याच्या चौकटीपेक्षा रागाच्या भावाला मोठे मानणाऱ्या गायिका म्हणून परतल्या. बाईंचा आवाज 1904 साली गेला, आणि त्यांच्याकडे आलेल्या दोन्ही मोठ्या शिष्यांवर पुढे तीच वेळ आली. ह्यात गूढ काही नाही, रोग आणि दैव ह्यांना घराणे नसते. परंतु गाता येत नसतानाही गाणे आत चालू ठेवता येते, हे ज्यांना पुढे स्वतः करून दाखवावे लागले, त्यांना ते एकदा करून बसलेल्या स्त्रीने शिकविले होते.

संगीत नाटक अकादमीने 1958 साली अंजनीबाईंना फेलोशिप दिली. हा अकादमीचा सर्वोच्च मान, आणि तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. वय पंचाहत्तर, जाहीर बैठक सोडून पस्तीस वर्षे झालेली. ज्यांनी त्यांना ऐकले होते असे फार थोडे उरले असतील. त्या वर्षी त्यांचे मालपे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. तेरेखोलच्या किल्ल्यावर 1954 साली गोमंतकीय सत्याग्रह्यांनी तिरंगा चढविला होता, आणि 1955 च्या पंधरा ऑगस्टला पेडण्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रह्यांवर गोळीबार होऊन माणसे पडली होती. त्यानंतर सीमा बंद झाली होती. ज्या देशाच्या अकादमीने ह्या बाईंना मान दिला, त्या देशातून त्यांच्या जन्मगावी जाणे त्या वेळी सरळ राहिले नव्हते. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी.

अंजनीबाई 7 ऑगस्ट 1974 रोजी वारल्या, एक्याण्णव वर्षांच्या होऊन. त्याच वर्षी फेब्रुवारीत उस्ताद अमीर खाँ गेले होते. अकादमीच्या फेलोंच्या यादीत 1958 नंतर खाली उतरत गेले म्हणजे 1988 पाशी कुमार गंधर्व आणि 2009 पाशी किशोरी आमोणकर ही नावे लागतात.